कशाकशाला घाबरायचं

शलाका भोईटेनं दोराची गाठ तिसऱ्यांदा तपासली आणि तिसऱ्यांदाही ती पक्कीच निघाली. तरी तिचा हात गाठीवरून निघेना.

"अगं पोरी, गाठ आहे ती. आंबा नव्हे. किती दाबून बघशील?" बाबरकाका मागून ओरडले. दोर धरणाऱ्या बारा माणसांचे ते मुकादम. वय साठीच्या घरात, आणि शलाकाला टोमणे मारायचा हक्क त्यांनी आपणहून घेतलेला.

"वारा फिरलाय काका."

"वारा फिरतोच. त्याचं कामच ते."

मसाई पठारावर त्या दोराला बांधलेली ती नेहमीसारखी उभी होती. कागदोपत्री तिचं नाव 'नभा-दोन', पण इथले सगळे तिला म्हैस म्हणत. साठ मीटर लांबीचा राखाडी ब्लिंप, म्हणजे फुग्यासारखं तरंगणारं हवाई जहाज, आत हेलियम, पोटाखाली पानटपरीएवढी केबिन, दोन्ही अंगांना विजेच्या मोटारी. नाक खांबाला बांधलेलं, आणि वारा फिरेल तसं सगळं अंग सावकाश फिरवायची सवय. पर्यटकांना वरून गड, धरणं, सड्यावरची फुलं दाखवायची, हे तिचं काम. शलाका चार वर्षं तिची पायलट होती. पहिली दोन वर्षं तिला या कामात भीती अशी कधी वाटलीच नाही. मग जुई झाली.

जुई आता दीड वर्षाची होती. ती झाल्यापासून शलाकाच्या आत कुणीतरी कायमचं जागं राहिलं होतं. झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून ती श्वास बघायची. घरातून निघताना गॅस बघायची, जिना उतरायची, परत चढून गॅस बघायची. म्हैस वर गेली की प्रत्येक ढग आपल्याकडंच निघालाय असं तिला वाटायचं. कामावर प्रत्येक पायलटच्या छातीला एक पट्टा असे. नाडी, घाम आणि श्वास मोजून तो भीतीचा आलेख काढायचा. तिचा आलेख ऑफिसच्या पडद्यावर उमटला की सगळे म्हणायचे, "आला बघा भोईटे मॅडमचा सह्याद्री."

हसायची तीही. पण मागच्या महिन्यात विमा कंपनीचं पत्र आलं आणि हसणं संपलं. प्रवासी घेऊन उडणाऱ्या प्रत्येक पायलटला यापुढं मणी हवा. नसेल तर जमिनीवरचं काम.

मणी म्हणजे दोन्ही कानांमागं, कातडीखाली बसवायचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा. मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक पुंजका असतो. पायाशी साप दिसला की 'साप' हा शब्द सुचायच्या आधी हा बदाम पेटतो. छाती धडधडते, पाय आपोआप मागं येतो, माणूस वाचतो. मणी त्या बदामावर कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडत राहतो. उतू जाणाऱ्या दुधावर पाण्याचा हबका मारावा, तसं. पेशी मरत नाहीत, नुसत्या सुस्तावतात. माणसाला साप दिसतो, तो विषारी आहे हे कळतं, किती फुटांवर आहे हेही कळतं. फक्त पोटात गोळा येत नाही.

आधी तो शर्यतीच्या गाड्या चालवणाऱ्यांनी बसवला, मग अग्निशमन दलातल्यांनी, मग पायलटांनी. कंपनीच्या पाच पायलटांपैकी चौघांच्या कानांमागं मणी होता. राहिली शलाका. तिची वेळ उद्या सकाळी अकराची होती, आणि खरं सांगायचं तर तिला तो हवा होता. नाही बसवला तर म्हैस सुटणार, हे एक. दुसरं म्हणजे ती दमली होती. दीड वर्षात एकदाही खांदे खाली सोडून ती बसली नव्हती.

आणि आज, नेमका आज, इंद्रजित खराडे येणार होता. कोल्हापूरच्या गॅरेजमधून निघून आशियाची शर्यत तीनदा मारलेला, रिक्षांच्या पाठीवर ज्याचं चित्र रंगवतात तो. त्यानं कंपनीला फोन करून एकच अट घातली होती: "ज्याचा आलेख सगळ्यात उंच जातो, तो पायलट मला द्या." मॅनेजरनं हे शलाकाला हसत हसत सांगितलं होतं. तिला तेव्हा जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

तो आला तो चित्रातल्यापेक्षा बुटका आणि बारीक होता.

"नमस्कार मॅडम. सगळ्यात भित्र्या त्या तुम्हीच न्हवं?"

दोरवाले खो खो हसले. शलाकाचे कान तापले. "मीच. आणि तुम्ही सगळ्यात..."

"बिनडोक. म्हणा की. आमची बायको रोज म्हणती."

हे त्यानं हसून म्हटलं, पण डोळे हसले नाहीत. ते तिच्या छातीवरच्या पट्ट्याकडं बघत होते. एखादा भुकेला माणूस दुसऱ्याच्या ताटाकडं बघतो तसे.

त्याच्याकडं ब्लिंपचं शिकाऊ लायसन्स होतं. कंपनीला त्याची दहा मिनिटांची चित्रफीत हवी होती, चाक त्याच्या हातात असलेली. साडेतीनशे मीटरवर पोचल्यावर शलाकानं चाक त्याच्याकडं दिलं.

"ही गाडी नाही," ती म्हणाली. "चाक फिरवलंत की लगेच काही होणार नाही. मनात दहा आकडे मोजा, मग होईल. म्हणून घाईनं परत उलटं फिरवायचं नाही."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक नाही."

"मग थांबायचं कसं?"

"आधीच घाबरून ठेवायचं," तिच्या तोंडून निघून गेलं. तिला स्वतःचाच राग आला. त्यानं मात्र मान डोलावली, परीक्षेला बसलेल्या मुलासारखी.

पाच मिनिटं बरी गेली. त्याचा हात हलका होता. शलाका काट्यांकडं बघत होती, काट्यांकडून बाहेर, बाहेरून परत काट्यांकडं. एका काट्यावर तिचा जास्त डोळा होता. हेलियम वर गेला की फुगतो. त्याला जागा व्हावी म्हणून ब्लिंपच्या पोटात हवेच्या दोन पिशव्या असतात. चढताना त्या रिकाम्या होत जातात, उतरताना परत भरतात. दोन्ही पार रिकाम्या झाल्या की हेलियमला फुगायला जागाच उरत नाही. त्यापुढं चढलं तर झडप उघडून हेलियम बाहेर जातो, आणि झडप अडकली तर कातडी फाटते. गेलेला हेलियम आभाळात कुणी भरून देत नाही. त्या दिवशी ती हद्द साडेसहाशे मीटरवर होती.

खाली दरीत कोसभर अंतरावर दोन वीटभट्ट्या होत्या. शलाकाला त्यांचा धूर दिसला आणि तिची बोटं गार पडली. दोन्ही धूर एकमेकांकडं झुकले होते. म्हणजे दोन बाजूंचे दोन वारे समोरासमोर येत होते, आणि मधल्या हवेला वर जाण्यावाचून वाट नव्हती. म्हैस त्या दोन धुरांच्या बरोबर मधोमध निघाली होती.

"नाक खाली घ्या. डावीकडं वळा."

"का? काटे तर ठीक आहेत."

"धूर बघा ते."

त्यानं बघितलं. "व्हय. मधी हवा वर चढत असणार. चढू दे की, अजून तीनशे मीटर आहेत."

आवाजात फुशारकी नव्हती. एसटीचं वेळापत्रक वाचावं तसा आवाज. आणि तेवढ्यात खुर्चीनं तिला खालून ढकललं. चारशे. चारशे साठ. कुठंतरी वर कातडी चरचरली.

"चाक सोडा!"

"शंभर राहिले की मारतो मॅडम. नेहमी शंभरावरच मारतो."

मग तिच्या लक्षात आलं. हा माणूस वीस वर्षं एकच गोष्ट शिकला होता. वळणाच्या तोंडाशी जो सगळ्यात उशिरा ब्रेक मारतो, तो जिंकतो. शंभर मीटरची पाटी येईपर्यंत पाय उचलायचा नाही. त्याच्या हाताला तेच ठाऊक होतं, आणि 'अरे, इथं ब्रेक नाही' हे ओरडून सांगणारं त्याच्या आत कुणी शिल्लक नव्हतं.

तिनं लाल कळ दाबली आणि चाक आपल्याकडं ओढून घेतलं. नाक खाली, मोटारी पूर्ण. एक. दोन. तीन. काहीच होईना. पाचशे सत्तर. चार. पाच. तिला वाटलं, जुईची दुपारची बाटली उकळून ठेवायची राहिली. सहा. सातला साडेसहाशे. हवेच्या पिशव्यांचा काटा शून्याला टेकला. आठ. वरून शिट्टी वाजायला लागली, लांब, बारीक, कुकरसारखी. झडप उघडली होती. हेलियम चालला होता.

दहाव्या आकड्याला म्हैस वाकली.

धुरांच्या पट्ट्यातून ती बाहेर पडली ती दगडासारखी जड होऊन. पलीकडं हवा खाली उतरत होती, म्हैसही तिच्याबरोबर उतरायला लागली. शलाकानं पोटाखालच्या टाक्यांतलं पाणी सोडलं, मोटारी वरच्या दिशेनं वळवल्या. पठाराची कड वर येत होती, म्हणजे आपण खाली जात होतो. कडेखाली दोनशे मीटरची दरी. तिच्या तोंडून कसलातरी आवाज निघत होता. तो आपलाच आहे हे तिला नंतर चित्रफितीवरून कळलं. इंद्रजित शेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता. "जाऊ, पोचू," तो म्हणाला. "दहात आठदा पोचतो."

कडेच्या आत चाळीस पावलांवर केबिनखालचं चाक आपटलं. म्हैस उसळली, परत आपटली. बाबरकाकांची माणसं गवतातून धावत आली आणि दोरांना लोंबकळली. काकांनी दार उघडलं. या वेळी त्यांच्या तोंडात टोमणा नव्हता. त्यांनी शलाकाला लहान मुलासारखं काखेत धरून खाली घेतलं.

चहा आला. शलाकाच्या कपातला अर्धा बशीत सांडला. इंद्रजित तिच्यासमोर गवतावर मांडी घालून बसला आणि सरळ बोलायला लागला.

"माझं चुकलं. चुकलं हे समजतं, लागत न्हाय. म्हणूनच तुम्हाला मागितलं मी. गंमत करायला न्हवं."

शलाकानं कप खाली ठेवला. दात वाजत होते.

"माझी पोरगी हाय, शरू. तीन वर्षांची. तिची आई दिवसभर दवाखान्यात कामाला, मी घरी. दोन महिन्यांमागं गच्चीवर होतो आम्ही. ती पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढली. मी बघितलं. अकरा फूट उंची, खाली फरशी, हात ओले. सगळं दिसलं मॅडम. मी पाणी पीत होतो. पिऊन संपवलं. झाकण लावलं बाटलीला. मग उठलो." तो थांबला. "हातावर निभावलं. प्लास्टर निघालं परवा."

"मणी काढून टाका मग!"

"बंद करून आठ महिने झाले. तरी भीती परत आली न्हाय. डॉक्टर म्हणतात येईल. कधी, ते सांगत न्हाईत." त्यानं खिशातून फोन काढला, कोरं पान उघडलं. "तुमचा आलेख बघितला मी, मघाशी ऑफिसात सगळे हसत होते तवा. मला वाटलं, या बाईला ठाऊक असंल. मला यादी द्या. कशाकशाला घाबरायचं, ते एकेक सांगा. मी पाठ करतो. माझं पाठांतर चांगलं हाय."

शलाकानं त्याच्याकडं बघितलं. थट्टा नव्हती. आशियाची शर्यत तीनदा मारलेला माणूस अंगठा पडद्यावर धरून वाट बघत होता.

"अर्धी भरलेली बादली," ती म्हणाली.

"अर्धी? का पूर्ण?"

"अर्धीच जास्त वाईट. पोर डोक्यावर आत जातं आणि बादली कलंडत नाही."

त्यानं लिहिलं. मग ती थांबलीच नाही. अख्खं द्राक्ष. शेंगदाणा. रिमोटमधला चपटा सेल. खिडकीजवळ सरकवलेलं स्टूल. ओट्यावरून लोंबणारी केटलीची वायर. झोक्याची दोरी आणि गळ्यातली ओढणी. दाराची बिजागरीकडची फट. अंगणात मागं येणारी गाडी. डासांच्या मशीनमधली बाटली. पोर दोन मिनिटं गप्प असणं. गेल्या दीड वर्षात रोज तिच्या पोटात गोळा आणणाऱ्या गोष्टी ती मोठ्यानं, ओळीनं सांगत होती, आणि कुणीतरी पहिल्यांदाच त्या न हसता लिहून घेत होतं.

"सत्तेचाळीस झाल्या," तो म्हणाला. "संपली?"

"आत्ता आठवल्या तेवढ्या."

त्यानं तिचा नंबर घेतला.

इतकं सगळं ऐकूनही दुसऱ्या दिवशी अकराला शलाका दवाखान्यात खुर्चीवर बसलेली होती. घरी रात्रभर ती आणि तिचा नवरा हेच बोलत होते. शर्यतवाल्यांचा मणी जोरदार असतो, पायलटांचा त्याच्या चौथ्या हिश्शाचा, हे मणी बसवणाऱ्या डॉ. मिठारींनी फोनवर तिला दोनदा समजावलं होतं. आणि आदल्या दिवशीची शिट्टी तिच्या कानातून जात नव्हती. सकाळी जुईचा हात हातात धरतानाही ती वाजत होती. असं किती दिवस जगायचं?

"आज लगेच बसवायचा नाही," मिठारी म्हणाले. माणूस भला होता, बोलणं मऊ. "दहा मिनिटं बाहेरून पट्टी लावू. कसं वाटतं ते बघा, मग सही करा."

नर्सनं कानांमागं गार जेल लावली, डोक्याभोवती पट्टी बसवली. छातीला कामावरचा पट्टा होताच. समोरच्या पडद्यावर शलाकाचा आलेख टोकदार उड्या मारत होता. मग उड्या बुटक्या झाल्या. मग ओळ सपाट झाली.

आधी खांदे खाली आले. ते इतके वर होते हे तिला आत्ता कळलं. शिट्टी थांबली. तिनं फोनवर जुईचा जुना फोटो बघितला: तोंडाला वरण फासलेलं, एक दात. गोड होती पोर. नुसतीच गोड, तिच्या आजूबाजूचं काही धारदार दिसेना. शलाकाच्या डोळ्यांत सुखानं पाणी आलं.

हातातला फोन वाजला. इंद्रजित खराडे.

"मॅडम, एक विचारायचं होतं. गडावर आलोय शरूला घेऊन. ती तटावरनं पळतीय पुढं. कठडा संपलाय इथं. यादी बघितली दोनदा, यादीत गड न्हाय." त्याच्या आवाजात अडचणीत पडलेल्या विद्यार्थ्याची नम्रता होती. "इथं घाबरायचं का?"

"तट किती रुंद आहे?" शलाकानं विचारलं.

"तीन फूट असंल."

तीन फूट. मुलाचं पाऊल वीतभर. "आणि वारा?"

"हाय थोडा."

थोडा वारा, तीन फूट. मग बहुतेक नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि समोरच्या पडद्यावर तिची नजर गेली. ओळ सपाट होती. एक मूल कड्यावरून पळत होतं आणि तिची ओळ सपाट होती.

तिनं पट्टी ओरबाडून काढली. केस तुटले. तरी आत काहीच आलं नाही. म्हशीचं चाक फिरवून आकडे मोजत बसावं, तसं रिकामं. भीती यायची वाट बघायला वेळ नव्हता. कालपर्यंत आपण कसे ओरडत होतो, ते आठवून ती ओरडली.

"धरा तिला! आत्ता! विचारू नका, धरा!"

फोन दगडावर आपटल्याचा आवाज आला. पावलं. मग नुसता वारा.

आणि मग ती आली. आधी पायांत, मग पोटात, मग सगळी एकदम, छातीवर कुणी गुडघा रोवावा तशी. शलाका खुर्चीचा हात धरून उभी होती आणि फोनमधला वारा ऐकत होती. नर्स काहीतरी विचारत होती. वारा. वारा. मग लांबून एक मूल रडलं. चिडलेलं, जिवंत रडणं.

"धरली," इंद्रजितचा आवाज जवळ आला. "फ्रॉकला धरली, फाटला तो. आता काय करू?"

"कडेवर घ्या. घट्ट. तोंड गडाच्या आतल्या बाजूला करा. चालायला लागा. पळू नका."

"मॅडम," डॉ. मिठारी मऊपणानं म्हणाले, "बसा शांत. नाडी बघा तुमची, एकशे साठ. याच्यासाठीच तर हे सगळं आहे ना? चाचणीची चारच मिनिटं राहिलीत."

त्यांनी पट्टी उचलून पुढं धरली. सहीचा कागद टेबलावर होता, त्यावर पेन. शलाकानं ओढणीच्या टोकानं कानामागची जेल पुसली, छातीचा पट्टा सोडून कागदावर ठेवला आणि दार ढकललं.

"फोन ठेवू का?" तिकडून इंद्रजितनं विचारलं.

"अजिबात नाही," ती जिना उतरत म्हणाली. "समोर काय आहे ते सांगा."

"पायऱ्या हायत. लई उंच उंच."

"ओल्या आहेत का? हात लावून बघा आधी. मग पहिलीवर पाय ठेवा."